फिरकी कुणी धरायची?

मी नाशिकच्या इंदिरानगरातून बोलतेय. आज बचतीचं, कर्जाचं, व्याजाचं काही नाही. आज थोडा इतिहास सांगणार आहे, आणि तोही खेळाचा.

संक्रांतीच्या दिवशी आमच्याकडे कुठल्याही गच्चीवर जाऊन बघा. पतंग दादाच्या हातात असतो आणि फिरकी ताईच्या. 'ढील दे', 'गुंडाळ', 'अगं, लक्ष कुठंय तुझं?' हे दिवसभर चालतं. दादानं कुणाचा पतंग कापला की कौतुक दादाचं. दादाचा पतंग कटला की बोलणी फिरकीवालीला. मी स्वतः पाचवीपासून दहावीपर्यंत भावाची फिरकी धरली आहे. मान वर करून बघायला मिळायचं, एवढंच सुख. आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आकाश पतंगांनी भरून जातं. तिथल्या आसारीची तर ख्याती आहे. येवल्यात आता गच्च्यांवर बायकाही पतंग उडवताना दिसतात, हे खरं. पण गावोगावी अजून चित्र तेच आहे.

मागच्या वर्षी विल्होळीच्या बाजूच्या एका गटाची मासिक बैठक होती. वही लिहून झाली, चहा आला. एका ताईंची सातवीतली मुलगी कोपऱ्यात बसली होती. तिनं मला विचारलं, "मॅडम, फिरकी लागत नाही असं काही उडवता येतं का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही जाईना. मग वाचायला लागले, आणि कळलं की असा खेळ आहे, त्याच्या जगभर स्पर्धा होतात, आणि त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्याला फ्री फ्लाइट म्हणतात, म्हणजे मुक्त उड्डाण. हलकं विमान आपल्या हातानं तयार करायचं आणि हवेत सोडायचं. एकदा हातातून सुटलं की ना दोरा, ना रिमोट. जास्त वेळ हवेत राहील ते जिंकलं. फिरकी धरायला कुणी लागतच नाही.

याची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. अल्फाँस पेनो नावाचा एक तरुण होता. 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसमधल्या एका बागेत त्यानं लोकांसमोर एक छोटं विमान उडवलं. त्याला इंजिन नव्हतं. एक काडी, तिच्यावर पंख, मागे शेपूट, एक फिरणारा पंखा आणि काडीखाली ताणलेलं रबर. रबराला पीळ द्यायचा, सोडायचं, की पीळ उलगडताना पंखा फिरतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो. इथे त्या पिळाचाच उपयोग. पेनोचं विमान 11 सेकंद उडालं आणि सुमारे 40 मीटर गेलं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पेनोच्या कल्पनेवरून रबरावर उडणारी खेळणी तयार झाली. 1878 साली अमेरिकेत एका पाद्रीबाबांनी असंच एक खेळणं आपल्या मुलांसाठी घरी आणलं. बूच, बांबू, कागद आणि रबर, एवढाच ऐवज. एक मुलगा 11 वर्षांचा, दुसरा 7 वर्षांचा. खेळणं मोडेपर्यंत मुलं खेळली आणि मग तसंच घरी करायला लागली. थोरल्याचं नाव विल्बर, धाकट्याचं ऑर्विल. हेच पुढचे राइट बंधू. या खेळण्यानंच आपल्याला उडण्याचं वेड लावलं, असं ते मोठेपणीही सांगत.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात येते, पण त्यात वडिलांचं खेळणं असतं, आई नसते. त्यांची आई सुझन ही गाड्या तयार करणाऱ्या कारागिराची मुलगी. बापाच्या कारखान्यात हत्यारं हाताळत ती मोठी झाली होती. घरातली छोटी-मोठी साधनं ती स्वतः करायची, मुलांना खेळणी करून द्यायची. वडील पुस्तकांतले विद्वान, पण खिळा ठोकायचं काम त्यांच्याच्यानं होत नसे. मुलांना काही जोडायचं-बसवायचं असलं की ती आईकडे जात. ही आई 1889 साली क्षयानं गेली. मुलांचं विमान तिनं पाहिलं नाही.

आता शिलाईकाम करणाऱ्या मैत्रिणींनी नीट ऐका. 1900 साली राइट बंधू त्यांचं पहिलं मोठं ग्लायडर घेऊन किटी हॉक नावाच्या समुद्रकाठच्या गावी गेले. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं, हवेवर तरंगणारं विमान. थोरला भाऊ विल्बर आधी पोचला. त्याला पंखांसाठी हवे होते तेवढ्या लांबीचे लाकडी वासे वाटेत मिळालेच नव्हते, आखूड मिळाले. मग घरून शिवून आणलेलं पंखांचं साटीनचं कापड उसवून पुन्हा शिवावं लागलं. त्या वाळूच्या गावात शिलाई मशीन होतं टेट नावाच्या कुटुंबात. ॲडी टेट या बाईंचं ते मशीन. त्यांच्याच अंगणात जगातल्या पहिल्या विमानाच्या आधीचं हे ग्लायडर जोडलं गेलं आणि त्यांच्याच मशीनवर त्याचे पंख शिवले गेले. गंमत अशी की त्या वर्षी ते ग्लायडर जास्त करून पतंगासारखंच, दोऱ्या बांधून उडवलं. काम झाल्यावर भावांनी ते तिथेच टाकलं. ॲडीबाईंनी त्याचं साटीन काढून घेतलं, धुतलं आणि आपल्या दोन मुलींना झगे शिवले.

मला ही गोष्ट फार आवडते. आपल्यातली कुठलीही बाई हेच करील. चांगलं कापड वाळूत सडू देईल का कुणी?

17 डिसेंबर 1903 रोजी राइट बंधूंचं इंजिनाचं विमान पहिल्यांदा उडालं. 12 सेकंद, आणि अंतर सुमारे 37 मीटर. आता पेनोच्या खेळण्याचे आकडे आठवा. 11 सेकंद, 40 मीटर. बत्तीस वर्षं आधी काडी, कागद आणि रबरानं माणसाच्या पहिल्या विमानाची जवळपास बरोबरी केली होती. अंतरात तर ते थोडं पुढेच होतं. म्हणून 'पोरांचा खेळ' म्हणून या गोष्टीकडे बघू नका.

इथे कुणीतरी नक्की विचारणार, आपल्या तळपद्यांचं काय? शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्यावर सिनेमाही आला. मी शोधलं तेवढ्यात त्या काळचा भक्कम पुरावा मला मिळाला नाही. वावडी म्हणजे पतंग, आणि वावड्या उठवणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. माणूस कल्पक असणार यात शंका नाही, पण ज्याचा पुरावा नाही त्याच्यावर मुलींना अभिमान बाळगायला मी सांगणार नाही. पुरावा असलेल्या गोष्टी भरपूर आहेत.

त्यातली एक म्हणजे लिलियन टॉड. न्यूयॉर्कमधली ही बाई टायपिंगचं काम करायची. यंत्रांचं वेड लहानपणापासून. 1906 च्या सुमारास तिनं विमानांची छोटी मॉडेल करायला सुरुवात केली आणि ती प्रदर्शनात मांडली. पुढे एका श्रीमंत विधवा बाईंनी पैसे दिले आणि टॉडबाईंनी आखलेलं खरं विमान 7 नोव्हेंबर 1910 रोजी उडालं. उडवलं एका पुरुष वैमानिकानं. फिरकी पुन्हा बाईच्याच हातात राहिली, असं मला वाचताना वाटलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते तिचं दुसरं काम. 1908 साली तिनं मुलांसाठी विमानांचा एक क्लब काढला. मुलं यायची, मॉडेल करायची, उडवायची, मोडायची. खेळ पसरवायचा तर आधी पोरांना गोळा करावं लागतं, हे तिला कळलं होतं. गट बांधणारी बाई होती ती, आपल्यातलीच म्हणा.

स्पर्धांना खरा रंग आला तो इंग्लंडात. चार्ल्स वेकफिल्ड नावाचे तेलाचे मोठे व्यापारी होते. पेट्रोल पंपावर, गॅरेजमध्ये कॅस्ट्रॉलचे डबे दिसतात ना, ते त्यांच्याच कंपनीचं तेल. त्या नावात कॅस्टर आहे, म्हणजे आपलं एरंडेल. सुरुवातीला त्या तेलात एरंडेल घालत, त्यावरून नाव पडलं. या वेकफिल्डसाहेबांनी 1911 साली मॉडेल विमानांसाठी चषक दिला. 1928 साली नवा चषक देऊन देशोदेशींच्या स्पर्धकांना दार उघडलं. रबरावर उडणाऱ्या विमानांच्या जागतिक स्पर्धेला आजही त्यांच्याच नावानं ओळखतात.

याच वेकफिल्डसाहेबांनी एमी जॉन्सन या तरुणीला विमान घ्यायला पैशाची मदत केली. उरलेले तिच्या वडिलांनी घातले. ते मासळीचे व्यापारी. 5 मे 1930 रोजी ती इंग्लंडहून एकटी निघाली आणि 24 मे रोजी ऑस्ट्रेलियात उतरली. वाटेत कराचीहून अलाहाबादला जाताना पेट्रोल संपत आलं आणि ती उतरली कुठे? झाशीला! पुढे ब्रह्मदेशात रंगूनजवळ उतरताना तिच्या विमानाचे पंख फाटले. पंखांचं खास कापड आणायचं कुठून? पहिल्या महायुद्धातलं विमानाचं उरलेलं कापड तिथल्या लोकांनी विकत घेऊन त्याचे शर्ट शिवले होते. ते शर्ट उसवून पंखांना ठिगळं लावली. ॲडी टेटनं पंखाचे झगे केले, इथे शर्टांचे पंख झाले.

वेकफिल्ड स्पर्धेतली एक पद्धत मला सगळ्यात जवळची वाटते. त्या काळी परदेशी जायचं म्हणजे बोटीनं कित्येक आठवडे. सगळ्यांना परवडणार कसं? मग ज्याला जाता येत नसे तो आपलं विमान खोक्यात घालून पाठवून द्यायचा. सोबत चिठ्ठी, पीळ किती द्यायचा, शेपूट कशी ठेवायची. स्पर्धा ज्या देशात असेल तिथला कुणी खेळाडू ते विमान त्याच्या वतीनं उडवायचा, आणि वेळ धरली जायची ती मूळ स्पर्धकाच्या नावावर. घराचा उंबरठा ओलांडता येत नाही म्हणून आपलं लोणचं, पापड, शिवलेले कपडे दुसऱ्याच्या हाती प्रदर्शनाला पाठवलेल्या किती बायका आपल्या गटांत आहेत! मालाला बक्षीस मिळालं, पण स्टॉलवर उभं राहायला दुसरंच कुणी. माझ्या आईनं विणलेला रुमाल तालुक्याच्या प्रदर्शनात पहिला आला होता, तो घ्यायला माझे काका गेले होते. पद्धत चांगलीच होती. तरी आपल्या मुलींच्या बाबतीत मला ती नको वाटते. विमान तिचं, तर सोडणारा हातही तिचाच असावा.

आता हा खेळ चालतो कसा ते थोडं सांगते. रबराच्या विमानाला आज जागतिक स्पर्धेत किमान 200 ग्रॅम वजन लागतं आणि रबर 30 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तेवढ्या रबराच्या जोरावर ते उंच चढतं, आणि मग पंखा दुमडून नुसतं तरंगत राहतं. दुसरा प्रकार ग्लायडरचा. त्याला 50 मीटरची दोरी लावून पतंगासारखं वर ओढतात. वर चढणारी गरम हवा मिळाली असं वाटलं की दोरी सोडवतात. म्हणजे पतंगानं सुरुवात आणि पाखरानं शेवट. बहुतेक फेऱ्यांत तीन मिनिटांपर्यंतचीच वेळ धरतात. एखादं विमान जास्त वेळ उडालं तरी नोंद तीन मिनिटांची. बंद सभागृहात उडवायची विमानं तर इतकी नाजूक असतात की वजन एक-दीड ग्रॅम, आपल्या नथीपेक्षा कमी. ती अर्धा-अर्धा तास घिरट्या घालतात.

सगळी कला आहे ती हवा ओळखण्यात. ऊन तापलं की काळी नांगरलेली जमीन आधी तापते, हिरवं पीक उशिरा. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते. घारी बघा, पंख न हलवता गोल गोल वर जातात, त्या याच हवेवर. स्पर्धक घारींवर डोळा ठेवतात, काठीला हलकी पट्टी बांधून तिचं हलणं बघतात, मग सोडतात. हे मी गटात सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हणजे उफणणीच की! वारा पडला की सूप खाली, वारा आला की सूप वर." अगदी तेच. खळ्यावर उभं राहून वाऱ्याची चाहूल घेणारी बाई या खेळात अडाणी ठरत नाही. पदवी घेतलेली मी मात्र ठरले, कारण मी कधी उफणलेलं नाही.

आणि एक गंमत. चांगली गरम हवा सापडली की विमान खाली यायचंच नाव घेत नाही, दिसेनासं होतं. ते परत कसं आणायचं? पूर्वी स्पर्धक शेपटीजवळ वात लावायचे. खरोखरची सुताची वात, सावकाश धुमसणारी. ठरलेल्या वेळी ती एका रबराला जाळायची, शेपूट उचलली जायची आणि विमान आपोआप खाली उतरायचं. देवापुढची वात किती वेळ चालेल हे आपल्याला न बघता सांगता येतं. हल्ली त्या जागी छोटी घड्याळं आली आहेत. आपल्या सुक्या शेतांत, कडब्याच्या गंजीजवळ वात कुणी लावायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

आपल्याकडे काय? नाशिकला विमानं नवी नाहीत. ओझरला 1964 साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो मिग-21 तयार करायला. पुढे तिथे सुखोई झाली, आणि 2025 मध्ये ओझरमध्ये तयार झालेलं तेजसही तिथून उडालं. द्राक्षबागेत काम करताना डोक्यावरून गेलेल्या आवाजानं आपण कानावर हात ठेवतो, तो हाच. गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी संस्था आहे. मे 2022 मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांना तिथेच वैमानिकाचा बिल्ला मिळाला. लष्कराच्या हवाई दलात लढाऊ हेलिकॉप्टरच्या वैमानिक झालेल्या त्या पहिल्या बाई. हरियाणाच्या आहेत, पण पंख मिळाले ते नाशिकच्या मातीवर.

मॉडेल विमानांचा खेळ आपल्या मुलांपर्यंत आला तो मुख्यतः एनसीसीतून. एनसीसी 1948 सालची, मुलींचा विभाग 1949 मध्ये निघाला, आणि हवाई विभाग 1 एप्रिल 1950 रोजी सुरू झाला. तेव्हा देशात दोनच हवाई तुकड्या होत्या, एक मुंबईत आणि एक कोलकात्यात. म्हणजे महाराष्ट्र पहिल्या दिवसापासून यात आहे. हवाई विभागात मॉडेल करायला आणि उडवायला शिकवतात, दर वर्षीच्या अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात, आणि आज त्यात मुलीही असतात. अडचण एकच. या तुकड्या मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांच्या आधारानं चालतात. ज्या मुलीचं कॉलेजच एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून, तिच्यापर्यंत हे पोचत नाही. सैन्याला दोष देत नाही मी, पण वाट बघत बसण्यातही अर्थ नाही.

बचत गटांत उडणारं यंत्र तर आता आलंच आहे. 2023 साली केंद्र सरकारनं नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली, 15,000 महिला गटांना फवारणीचे ड्रोन द्यायची. ती चांगलीच गोष्ट आहे. पण ड्रोन शिकणाऱ्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा जाणवलं की बटणं येतात, पण 'हे उडतं का' हे कुणी सांगत नाही. कागदाचं विमान ते सांगतं. नाक जड झालं तर आपटतं, शेपूट जड झाली तर झोके घेत खाली येतं. चूक लगेच डोळ्यांसमोर, आणि दुरुस्तीला इंजिनिअर बोलवावा लागत नाही.

जगात या खेळाची सध्या एक अडचण आहे, ती आपल्या फायद्याची आहे असं मी म्हणेन. वरच्या स्पर्धांतली विमानं आता कार्बनची, महागडी, तयार विकत घेतलेली असतात. त्यामुळे नवी मुलं कमी येतात. म्हणून ठिकठिकाणच्या जाणत्या लोकांनी मुद्दाम छोटे, स्वस्त प्रकार चालू ठेवले आहेत. अमेरिकेत एक प्रकार आहे, त्यात पंखांची लांबी 30 इंचांच्या आत, रबर 10 ग्रॅम, आणि पंखा बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचाच हवा. फ्रान्समधल्या हिवाळी चषकाच्या विमानालाही 10 ग्रॅमच रबर. नियमच असा की श्रीमंताला पुढे जाता येऊ नये. आपण आपला नियम याच धर्तीवर केला.

आमच्या गटांनी गेल्या वर्षी केलं ते असं. पतंगाची कामटी आणि पतंगाचाच कागद. पंख मधून किंचित वर उचललेले, अर्धवट उघडलेल्या वहीसारखे, म्हणजे विमान डोलत नाही. पुढे खेळण्यातला प्लॅस्टिकचा पंखा, खाली रबर. रबर झिजू नये म्हणून त्याला साबण आणि ग्लिसरीन चोळायचं. तोल बघायचा तो पंखांच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांश अंतरावर, दोन बोटांवर ठेवून. नाक हलकं वाटलं तर तिथे मेणाची गोळी लावायची. आम्ही पहिल्यांदा कणकेची लावली होती. सकाळी झकास उडालेलं विमान दुपारी झोके खायला लागलं. कणीक वाळून हलकी झाली होती, हे कळायला आम्हाला दोन तास लागले.

बाजरी निघालेल्या शेतात, सकाळी वारा सुटायच्या आधी उडवलं. ओझर, देवळाली, गांधीनगर या विमानतळाच्या आणि लष्कराच्या भागांत काहीही उडवायचं नाही, हे पहिलं ठरवलं. मोबाइलवर वेळ धरली. तीन उड्डाणं, तिन्हीची बेरीज. मांजा नाही, त्यामुळे गळा कापायची, पाखरू अडकायची भीती नाही. नायलॉन मांजावर हरित न्यायाधिकरणानं 2017 मध्ये बंदी घातली, तरी दर संक्रांतीला बातम्या येतातच.

'फिरकी नको' म्हणणारी ती सातवीतली मुलगी आली होती. तिचं पहिलं विमान 5 सेकंदांत आपटलं. दुसऱ्यांदा बाभळीत अडकलं, तिचा भाऊ काटे टोचून घेत ते काढून आला. तिसऱ्यांदा तिनं सोडलं नाही, नुसती उभी राहिली. आम्ही म्हटलं, अगं सोड. ती म्हणाली, "थांबा, वारा पडलाय." मग बांधावरचं गवत जरासं हललं आणि तिनं सोडलं. 14 सेकंद. राइट बंधूंची गोष्ट मी तिला आदल्या दिवशी सांगितली होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, दोन सेकंद जास्त!"

यंदा संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे जे दिवस आहेत, त्यात आमच्या ग्रामसंघानं वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे द्यायचे नाहीत असं ठरवलं आहे. पुडी द्यायची. त्यात दोन कामट्या, पतंगाचा कागद, एक पंखा, रबर आणि मेण. ज्या मैत्रिणीला हळदीकुंकू लावत नाहीत, तिलाही पुडी. घरात मुलगी असेल तर तिच्यासाठी, नसेल तर स्वतःसाठी. वयाची अट नाही, उफणणीवाल्या आजींनी नाव आधीच दिलं आहे.

तुमच्या गटाला यायचं असेल तर बैठकीत ठराव घ्या आणि आपल्या सीआरपी ताईंकडे नावं द्या. उडवणारीचं नाव लिहा, तिच्या नवऱ्याचं किंवा बापाचं नाही. रथसप्तमीला सकाळी साडेसातला, त्याच बाजरीच्या शेतात. गेल्या वर्षी तिथे पोचायला आम्हाला उशीर झाला आणि नऊ वाजता वारा सुटला. या वेळी जरा लवकर निघा.